पोत्यातल्या झाडांना ताण

येलदरी,
ता. १२ डिसेंबर १९९३

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं कार्ड परवा मिळालं. मायन्यात सवयीनं 'चि. सौ.' लिहून 'सौ.' खोडलंत, ते दिसलं. हे जाऊन सव्वा वर्ष झालं, नाना. आता नुसतं 'चि.' लिहीत जा, मला चालतं.

संक्रांतीला झरीला ये म्हणता. यांच्या जागी मला धरणाच्या ऑफिसात घेतलं, रजा मिळेलही. पण झाडांचं काय करू? क्वार्टरच्या मागं नुसता खडक, म्हणून यांनी बारदानाची पोती दुहेरी शिवून त्यांत तीन लिंबं आणि दोन मोगरे लावले. पोतं चारी अंगांनी वारा पितं. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी नसतं. एकदम ओतावं तर कडेनं निसटून खडकावर जातं, म्हणून तांब्या-तांब्यानं, थांबून थांबून घालावं लागतं. दर रविवारी भिजवलेल्या पेंडीचं पाणी, तेही बेताचंच. एवढं करून लिंबं नुसती पानं काढतात, फूल म्हणून नाही. गीताबाई शेजारी असत्या तर त्यांनी पाणी घातलं असतं, पण त्यांच्या मालकांची बदली झाली. ओळीत आता मी एकटीच.

बाकी ठीक. रविवारभर बोलायला कुणी नसतं. सोमवारी ऑफिसात पहिलं वाक्य बोलायचं तर घसा खाकरावा लागतो, शिपाई हसतो.

तब्येत सांभाळा. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
सत्यशीला


झरी,
ता. २० डिसेंबर १९९३

चि. सत्यशीलास,
व्यंकटरावाचे अनेक आशीर्वाद.

सांगितलंस तसं 'चि.' लिहिलं. लिंबाला फूल न्हाई म्हणतीस. येईल कसं? रोज पाणी, आठ दिवसाला पेंड, जावयासारखा थाट ठेवलास! लय लाडानं झाड माजतं, बाई. त्याला ताण दे. पाणी तोड. महिनाभर थेंब न्हाई, खत न्हाई. पानं वळतील, गळतील, घाबरायचं न्हाई. मंग पेंड देऊन पाणी सोड, फुलानं लदून जाईल. मोगऱ्याचं बी तेच. चाळीस वर्षं मोसंबी पिकवली हाय, मला शिकवू नको.

मतलब, संक्रांतीला तू मोकळी. आता बहाणा न्हाई.

शेजारची बायनाबाई दोन टाइम भाकर करून देती. बोलती बी लय, पण समदं तिच्या सुनेचं गाऱ्हाणं. ती गेली की ताट घेऊन बसतो अन् भाकर घशाखाली उतरत न्हाई. तुझी माय असताना जेवताना कधी तिच्याशी धड बोललो न्हाई. आता वाटायलंय, बोलायला पाहिजे होतं.

ये, माय.

तुझा,
नाना


येलदरी,
ता. ५ जानेवारी १९९४

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं ऐकलं. डिसेंबरच्या पंचवीस तारखेपासून पाणी तोडलं आहे. झाडं बरी आहेत, तग धरून आहेत.

बारा तारखेला दुपारच्या गाडीनं जिंतूरला येते, तिथून झरी. पाच दिवसांची रजा मिळाली. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की पाचच ना? जसं काही मी रोजच रजा मागते! सतराला परत आले की झाडांना पेंड देईन.

तुम्ही मोंढ्यात जाऊन माझ्यासाठी काही आणू नका. आणाल हे माहीत आहे, तरी लिहिते. बायनाबाईंना नमस्कार सांगा.

भेटीअंती बोलूच.

आपली,
सत्यशीला


येलदरी,
ता. २७ जानेवारी १९९४

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार.

परवा पोचले. पाच दिवसांचे तेरा झाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गाड्या बंद पडल्या, त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार. साहेबांनी समजून घेतलं.

पाचही झाडं गेली.

लिंबाच्या खोडांना नख लावून पाहिलं, आत हिरवं नाही. मोगऱ्याची फांदी वाकवली तर कटकन मोडली. माती पोत्यापासून सुटून तिचं ढेकूळ झालंय. वेड्यासारखं मी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. सगळं कडेनं खाली वाहून गेलं, मातीनं घेतलंच नाही.

तुम्ही चाळीस वर्षांचं सांगत होतात. पोत्यातल्या झाडाला ताण देतात का, नाना? पोत्यात आहेत, रोज पाणी लागतं, हे मी लिहिलं होतं ना? यांच्या हातचं तेवढंच काय ते जितं उरलं होतं घरात.

काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नका.

सत्यशीला


झरी,
ता. ४ फेब्रुवारी १९९४

चि. सत्यशीलास,
अनेक आशीर्वाद. घेशील तर.

गुन्हा कबूल करतो. जमिनीतलं झाड ताणात मुळं खाली सोडतं, ओल हुडकतं. पोत्यात मूळ जाणार कुठं? हे मला ठाऊक होतं. इमानानं सांगतो, कार्ड लिहितानाच ठाऊक होतं.

तू त्या पोत्यांपायी दीड वर्ष बापाच्या घरी आली न्हाईस. म्हटलं, तेवढ्यानं काय एकदम मरत न्हाईत. पानं गळतील, पोरगी चार शिव्या देईल, पण येईल तर खरी.

पुढं गाड्या बंद झाल्या. तवा मी सांगायला पाहिजे होतं, सत्या, झाडं जायलेत म्हणून. कुणाला सायकलवर धाडता आलं असतं. न्हाई सांगितलं. तू चुलीपाशी बसून गरम भाकर वाढायलीस, मी खायलोय. उद्धवराव देवमाणूस होते, त्यांची झाडं मी भाकरीपायी मारली.

शिव्या दे, पण पत्र दे. पोस्टमन आला की मी उठून उभा राहतो अन् तो सायकल न थांबवता जातो. बायनाबाई बघती, काही बोलत न्हाई. ती गप बसायली म्हंजे बघ.

तुझा,
नाना


येलदरी,
ता. १० फेब्रुवारी १९९४

ती. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र ऑफिसात मिळालं. वाचलं, खणात ठेवलं, परत काढून वाचलं.

सगळा गुन्हा एकट्याच्या अंगावर घेऊ नका. पाणी तोडलंय असं मी लिहिलं ते अर्धंच खरं होतं. पंचविसाला तोडलं, चौथ्या दिवशी पानं वळली, पाचव्या दिवशी शेंडे माना टाकायला लागले. मी गुपचूप पाणी सुरू केलं आणि निघायच्या सकाळपर्यंत रोज घातलं. तेव्हाच कळलं की तुम्ही मला फसवताय. मोसंबीवाला माणूस असं चुकेल कसा? कळलं, नाना, आणि तरी मी पिशवी भरली.

गाड्या बंद झाल्याचं बायनाबाईंनी दारातून सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी तोंड फिरवून पीठ मळायला घेतलं. मला आनंद झाला होता. तो तुम्हांला दिसू नये म्हणून. शेतात हुरडा खाताना तुम्ही बायनाबाईंची नक्कल केलीत आणि मी पोट धरून हसले, तो झाडांना पाणी न मिळाल्याचा सातवा दिवस होता. मी रोज मोजत होते. मोजत होते आणि मला बरं वाटत होतं. त्या दिवशी मला यांची आठवणसुद्धा आली नाही. घरी आल्यावर ती पोती पाहिली, स्वतःची लाज वाटली आणि राग तुमच्यावर काढला.

पोती अजून मागं तशीच आहेत. काल एक हलवून पाहिलं. माझ्या एकटीच्यानं उचलवत नाही, दोघं लागतात. तुम्ही इथं यांच्या तेराव्यानंतर आला नाहीत. शनिवारी मी तुम्हांला न्यायला येते. वजन माझ्याकडे येईल असं धरू, तुम्ही नुसतं एक टोक धरा.

दोन धोतरं जास्त घ्या. वाट बघते.

तुमची,
सत्या