भोपाळच्या मापाची शेड, जयपूरची खिडकी

तिलक नगर, जयपूर
१४ मे

प्रिय गुलाबराव,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आणि भार्गवीवहिनींचं कैरीचं लोणचं, दोन्हींची खुशाली कळवावी (लोणच्याची आधी). आम्ही इथे बरे आहोत, फक्त भाजून निघतो आहोत.

सौ. विभाच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. व्यवस्थित झाली, पण डॉक्टरांनी काही दिवस काळा चष्मा लावायला सांगितला. आमचा हॉल पश्चिमेकडे. दुपारी चारनंतर ऊन सरळ तिच्या खुर्चीवर येतं. घरातल्या घरात काळा चष्मा लावून ती बसलेली मला बघवेना. एकतीस वर्षं या बाईने माझ्या बदल्यांमागे नऊ गावं केली, कुठल्याच घराविषयी तक्रार केली नाही. तेव्हाच ठरवलं, की आता काहीही होवो, या खिडकीला रोलर शेड लागलीच पाहिजे. (साखळी ओढली की गुंडाळत वर जातो, तो पडदा. तुमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये असेल.)

इथल्या झोटवाडा भागात रणजीतजी नावाच्या गृहस्थांचं या शेडचं दुकान आहे. त्यांनी आधी कापडं दाखवली. एक सगळं ऊन अडवणारं, एक अर्धं अडवणारं आणि एक ऊन अडवून उजेड तेवढा आत सोडणारं (हे कसं होतं ते मला दोनदा समजावलं, दोन्हीदा मी मान डोलावली). मग क्रीम रंगाचे चौदा नमुने आले. मला चौदाही सारखेच दिसले, तेव्हा आपलेही डोळे एकदा तपासून घ्यावेत असं वाटून गेलं. पुढे साखळी डावीकडे हवी की उजवीकडे, असा प्रश्न आला. विम्याचे हजारो दावे निकाली काढलेला माणूस मी, पण त्या साखळीपाशी अर्धा तास अडकलो. "साब, आप आराम से सोचो," म्हणत रणजीतजींनी दुसरा चहा मागवला. शेवटी मी उजवी म्हणालो आणि त्यावर ठाम राहिलो.

मापासाठी कारागीर पाठवतो म्हणाले, तर मी हसलो. आपण बदलीवाली माणसं! नवं घर मिळालं की सामान उघडण्याआधी खिडक्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, हा आमचा नियम. वहीचं शेवटचं पान म्हणजे सध्याचं घर. मी रुबाबात वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि लांबी-रुंदी सुतासुतासकट लिहून दिली.

आठवड्याने शेड आली. लावली. काम सुरेख, कापड सुरेख, पण दोन्ही बाजूंना वीतभर खिडकी उघडीच. रणजीतजींच्या कारागिराने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वही पुन्हा उघडली. पानाच्या वर विभाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : भोपाळ, हॉल. म्हणजे मी सोडलेलं आणि आता तुम्ही राहता ते घर! जयपूरचं पानच वहीत नाही. नेहमी टेपचं एक टोक मी धरतो, आकडा ती वाचते आणि तीच लिहिते. इथे आलो तेव्हा तिला आकडे दिसतच नव्हते, आणि मोजायचं राहून गेलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. गुलाबराव, याची मला फार लाज वाटली.

पण मी माघार घेणारा नाही. शेड उतरवली आणि तूर्त खिडकीला दोन चादरी कपड्यांच्या चिमट्यांनी लावल्या आहेत. हॉलमध्ये दिवसाही दिवा लावावा लागतो, पण ऊन म्हणाल तर कवडसाभरही नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
प्रभाकर

ता. क. हे पत्र ज्या लांबुडक्या पार्सलला चिकटवलं आहे ते कृपया उघडावं. आतली शेड तुमच्या हॉलला तंतोतंत बसेल. साखळी उजवीकडे आहे. नको म्हणू नये.

ता. क. २. मोठ्या शेडची ऑर्डर कालच दिली. या वेळी शेजारच्या विनयला बरोबर घेऊन तीनदा मोजलं. रविवारी लागेल. विभाला सांगितलेलं नाही, तिला एकदम दाखवणार आहे.

गुलाबभावजी, यांनी पार्सल बांधायला माझ्याकडे दिलं, म्हणून पत्र वाचलं. माझा काळा चष्मा सोमवारीच सुटला. दीड वर्ष या खिडकीत मला नुसता धुरकट उजेड दिसत होता. सोमवारी मोती डुंगरी दिसली, तिच्यावरचा किल्ला दिसला, समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई दिसली, तिच्या बांगड्यासुद्धा दिसल्या. मला रडू आलं. हे बाहेर गेले की मी चादरी काढून बसते, आणि जिन्यात यांची पावलं वाजली की पुन्हा चिमटे लावते. इतक्या मायेने चाललंय यांचं, की मला नको म्हणवत नाही. तेव्हा तुम्हीच एक करा. रविवारच्या आत फोन करून यांना सांगा, की मोठी शेडही तुम्हालाच हवी आहे. बसणार नाही, ठाऊक आहे मला. पण मागा.

– विभा