विठोबा पखवाजींचा डावा हात

शिरोडा,
६ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यास गंगाराममामाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुझ्या आईच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते कळव. तोवर तिला जिना उतरू देऊ नकोस. ती ऐकायची नाही, पण तू सांग. हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मध्येच आपली बाजू मांडायला लागतेस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

गोष्ट अशी. मागच्या मंगळवारी तुझे आजोबा किरणच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते. किरणने मोठ्या कौतुकाने तुझ्या पुण्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला, तुमची नात बघा म्हणाला. बाबांनी पखवाजाची पहिली थाप ऐकली, दुसरी ऐकली आणि खुर्चीतून उठले. गळ्यात फडकं, एका गालावर साबण, तसेच भर बाजारातून घरी. मागून किरण वस्तरा घेऊन धावतोय. लोकांना वाटलं, आज खून पडतो.

घरी येऊन त्यांनी पखवाज धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला. पन्नास वर्षं दशावतारात नि भजनात वाजवलेला माणूस, आणि शनिवारचं भजन नुसत्या झांजांवर झालं. काय झालं विचारलं तर म्हणतात, तुझ्या भाचयेक विचार. तुझा फोन आला की अंगणात निघून जातात.

मी तो व्हिडिओ चार वेळा ऐकला. सायकलवर एक भोंगा नि बॅटरी बांधून लग्नं वाजवायला लागलो होतो. आज माझे स्पीकरचे बॉक्स पार आरोंदा गावापर्यंत जातात, ते या दोन कानांच्या जिवावर. ती थाप बाबांचीच. करंगळी मोडल्यापासून त्यांचा डावा हात केसभर उशिरा पडतो, तसा दुसऱ्या कुणाचा पडत नाही. तू त्यांचा हात न विचारता नेलास आणि ते त्यांना चोरीसारखं लागलं, असं माझं मत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा पखवाज माळ्यावर गेला की पुढचं काय, ते लिहीत नाही. तू नेमकं करतेस काय ते मला समजावून सांग. बाबांकडे मी बघतो.

लोभ आहेच. उत्तर मात्र अंगठ्याचं चित्र पाठवून देऊ नकोस, अक्षरांत दे.

तुझा,
गंगाराममामा


पुणे,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. मामास दिव्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जेवले नाही. आईचं प्लास्टर महिनाभर तरी राहील आणि ती जिना उतरते.

तू म्हणतोस ते खरं आहे. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीत ओटीवर मी आजोबांना म्हटलं होतं, जरा वाजवा, रेकॉर्डिंगचं मशीन तपासायचंय. तेवढंच म्हटलं होतं. पुढे त्याच थापेवर माझा अख्खा कार्यक्रम उभा राहिला आणि विचारायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी टाळलं. नाही म्हणाले असते तर?

पण मामा, मी टेप लावत नाही. कॉम्प्युटरवर कोरं पान घेऊन बसते. लोकांसमोरच एक ओळ लिहिते: ही थाप, चार वेळा. लगेच चार थापा वाजू लागतात आणि वाजत राहतात. चाराचे सात केले की वाजता वाजता सात होतात. खाली दुसरी ओळ, मग तिसरी. लिहिलेलं सगळं मागच्या पडद्यावर दिसतं, चुकासुद्धा. एक चिन्ह विसरले तर घोडं अडतं आणि सगळे बघत असतात. शेवटी पान पुसते. उद्याचं गाणं उद्या. आजोबा ज्या दशावतारात वाजवत आले, तिथे राजाला तरी भाषण कुठे लिहून दिलेलं असतं? तो उभा राहतो आणि बोलतो. मी हे तिथेच बघत मोठी झाले.

ती थाप पुसायला एक बटण पुरे. आजोबा म्हणाले तर पुसेन. अठ्ठावीस डिसेंबरला बंगळूरला मोठं बोलावणं आहे आणि त्या थापेशिवाय माझ्याकडे फारसं काही नाही, तरीही पुसेन. पण त्यांनी एकदा समोर बसून बघावं. मी दिवाळीनंतर येते. बॉक्स तुझे. तुझं एकोचं मशीन मात्र घरी ठेव. तुझ्या मांडवात नवरीचं नाव एकदा घेतलं तरी तीनदा ऐकू येतं.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहायचं धाडस झालं, ती असू दे.

तुझी,
दिव्या


शिरोडा,
१० नोव्हेंबर २०२५

ती. नर्मदाताईस गंगारामचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझी लेक सकाळच्या गाडीने निघाली. सोबत कोकमाची सोलं आणि कुळथाचं पीठ दिलंय. काल रविवारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात जे झालं, ते तू पाय धरून बसल्यामुळे चुकलीस. म्हणून आज दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो.

बाबांना आणायला एकच युक्ती केली. म्हटलं, कार्यक्रम ऐकू नका, पण माझा नवा बॉक्स फाटका वाजतोय की काय ते मागे बसून सांगा. शेवटच्या रांगेत बसले, भिंतीकडे तोंड करून. पखवाज मी गुपचूप माळ्यावरून काढून गाडीत ठेवला होता.

पडदा म्हणून मांडवाचं पांढरं कापड ताणलं. दिव्या बाकड्यावर तो वहीएवढा कॉम्प्युटर घेऊन बसली. कापडावर काही नाही, नुसती एक काडी लुकलुकतेय. मासळीवाल्या पार्वतीने विचारलं, गो बाय, अडाकला काय? सगळे हसले. दिव्याने एक ओळ लिहिली आणि बाबांची थाप मंडपभर पडली. मग दुसरी ओळ, तिसरी. त्या एका थापेच्या तिने बारीक सरी केल्या, ढगासारखी लांबवली, उलटी करून परत आणली. लोक कापडावरचे आकडे वाचायला लागले. पार्वती ओरडली, त्या चाराचे आठ कर गो! दिव्याने केले. ताल जागच्या जागी दुप्पट झाला आणि अख्ख्या मंडपाने आ केला. पार्वती तोंडावर हात ठेवून गप्प बसली, हे मी प्रथमच पाहिलं.

ताई, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज तारेतून वाहून नेले. आवाज जन्मताना कधी पाहिला नव्हता. ती एक ओळ पुसायची, तिथे पोकळी व्हायची, आणि माणसं श्वास धरून त्या पोकळीकडे बघायची, आता इथे काय येणार म्हणून. तिलाही ते पुरतं ठाऊक नसावं.

तेवढ्यात मागून बाबा गरजले, बंद कर ता! दिव्याचे हात थांबले. बाबा रांगांमधून चालत पुढे आले. मी मनात म्हटलं, आला, चोरीचा विषय आला. तर म्हणाले, ह्यो माझो डावो हात न्हयच. त्या दिवशी डाव्या पुडयेक कणीक लावलेली नाय. मशीन तपासूचा म्हणालंस म्हणान सुक्या पुडयेर हात मारलंय, आणि ताच तू दोन वर्सां जगाक ऐकवतस? जाणती माणसां म्हणतली, विठोबाक पखवाज लावूक येणा नाय!

भिजवलेल्या कणकेचा गोळा चढवल्याशिवाय पखवाजाच्या डाव्या तोंडाची पुडी मुकी, हे मला लहानपणापासून माहीत. ज्या कानांची मी फुशारकी मारतो त्यांनी मोडकी करंगळी ओळखली, पण सुकी पुडी ओळखली नाही. मी चोरी धरून बसलो होतो आणि म्हातारा लाजेने घरात बसला होता.

दिव्या उठली, पाया पडली आणि सर्वांसमोर ती जुनी थाप पुसली. ओळ कापडावर तशीच, पण आवाज नाही. समोरच्या घरातून कणीक आली, पार्वतीने डब्याच्या झाकणात मळली. बाबांनी ती पुडीवर थापली, ऐकली, चिमूटभर काढली, परत लावली, हातोडीने पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले. वीस मिनिटं गेली. शंभर माणसांतलं एक हललं नाही. मग मी माईक धरला आणि बाबांनी एक थाप दिली. एकच. माझ्या बॉक्सच्या जाळीवरची धूळ उडाली.

दिव्याने ती घेतली, ओळ पुन्हा चालू केली, आणि तीच थाप, तशीच ओली, भरलेली, चारी बॉक्समधून यायला लागली. बाबांचे हात तेव्हा मांडीवर होते. त्यांनी आधी बॉक्सकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. नंतर पखवाज ओढला आणि स्वतःच्याच थापेवर वाजवायला लागले. लय मुद्दाम चढवायचे, नातीने आकडा बदलून गाठायचं. दोनदा तिची चूक झाली, ती हसली, बाबाही हसले. काळोख पडेस्तोवर कोणी उठलं नाही.

एक सांगायचं राहतं. इतकं वाजवलं, पण त्या ओरडण्यानंतर तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. आज तिची गाडी सुटली तेव्हाही नाही. बंगळूरला ती थाप वाजवू की नको, हे विचारायचा धीर पोरीला झाला नाही आणि मलाही झाला नाही.

पाय जप. लहानपणापासून माझ्यावर जरा जास्तच लोभ करत आलीस, तो कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
गंगाराम


शिरोडा,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्याक आजोचे आशीर्वाद.

ह्या पत्र माझा मीच लिवतंय. गंगारामाक सांगलंय असता तर तेणा त्यात आपलाच चार ओळी घातल्यान असता.

त्या दिवशी माझे हात मांडयेर होते आणि मी वाजत होतंय. मेल्यावर असा काय तरी घडता म्हणान ऐकलेला. जित्तेपणी बघूक मेळतला असा वाटूक नव्हता. घराक येवन तीन रात्री नीज नाय. भियान न्हय. पुन्ना पुन्ना ऐकूक येय होता, आणि बरा वाटत होता.

तू बसान वाजयतस ता वाजवणाच, गो. माका कळला. आता तुझ्या त्या थापेचा. ती ठेव, पुसू नको. मी गेल्यावर खंय व्हयी थंय वाजव, माझी ना नाय. पण मी आसंय तवसर त्या कापडार ती ओळ लिवची नाय, थंय जागा मोकळी ठेवची आणि वाजवूक माका बोलवचा. बंगळुराक कणीक मेळता काय ता विचारून ठेव. नायतर हयसून आणतंय.

माया आसाच, ती सांगान वाढणारी न्हय.

तुझो आजो,
विठोबा