तुमच्या बोरीवरची पाखरं

प्रिय तात्या,

तुम्ही गेलात तेव्हा दोन ओळी लिहायलाही हात उचलला नाही. आज लिहितोय, कारण सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. वहिनी कुंपणाशी आल्या होत्या. तुमचा सुनील उद्या मशीन आणून बोर, रुई, तरवड सगळी झाडं काढून गाडीसाठी फरशी घालणार आहे. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगा की त्याला. माझं न्हाई ऐकत त्यो."

गोळी घ्यायची आहे म्हणून मी आत पळालो. खोटंच!

खरं सांगू? मला बरं वाटलं. तुमची बोर गेली की पाखरं माझ्याकडे येतील, असं वाटलं. तुम्ही जाऊन सहा महिने झाले आणि मी अजून तुमच्यावर जळतोय. काय म्हणावं या माणसाला?

पण तुमचंही चुकलंच. मी नर्सरीतून गुलाब आणले, हिरवळ लावली, रोज पाइप धरून उभा राहिलो. तुम्ही माळावर उगवतं तेच उगवू दिलंत आणि खुर्ची टाकून चहा प्यायलात. तरी बुलबुल तुमच्याकडे, शिंजीर तुमच्या रुईवर! निदान गुपचूप बघायचं होतं. तुम्ही उलट मला हाका मारायचात.

सुगरणीचं जुनं घरटं मी गावच्या विहिरीवरून आणून पेरूला टांगलं होतं, आठवतं? आत बाजरीही घातली. आल्या त्या मुंग्या. तुम्ही म्हणालात, "बाबूराव, ती आयत्या घरात ऱ्हात न्हाई हो." माझी बायकोसुद्धा हसली. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही. आता ते आठ दिवस कुठून आणू?

दुपारी खिडकीतून पाहिलं. शिंजिराची मादी चोचीत कापूस घेऊन तुमच्या बोरीत शिरत होती. एवढंसं घरटं काट्यांत लोंबतंय. उद्या मशीन आलं, तर ती माझ्या गुलाबांवर येईल का? नाही हो. ती कॉलनीतूनच जाईल. मग मी जळू तरी कोणावर?

मला नीट बोलता येत नाही, सुनील चिडला तर छातीत धडधडेल. तरी मशीन यायच्या आत त्याच्या दारात उभा राहतो. सांगतो, बोरीला हात लावू नको, माझी हिरवळ उपट, तिथे फरशी घाल आणि गाडी माझ्याकडे लाव. हा शब्द दिला, तात्या.

पाखरं तुमचीच राहू देत.

कुंपणापलीकडचा,
बाबूराव