ब्लॅक बुलचं काउंटर

३ मे २०१९

सापडलं! शेजारच्या म्हाताऱ्या रॉय हेपवर्थच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार म्हणजे आमच्या काउंटरचा तुकडा! आमचं घर पूर्वी 'ब्लॅक बुल' पब होता, एवढंच ठाऊक होतं. "बंद पडल्यावर काउंटर कापून वाटून घेतलं आम्ही," रॉय म्हणाला. उरलेले तुकडे शोधणारच.

७ मे

आणखी दोन! एक चर्चमध्ये, फुलदाण्यांखाली. दुसऱ्यावर गावातली जोन पावाचं पीठ मळते! नीलने तिन्ही जोडून पाहिले — चपखल बसले! "खूळ लागलंय तुला," म्हणतो. नवराच तो. लागलंय!

१० मे

पब का बंद पडला? सगळ्यांचं एकच — "गिऱ्हाईक नव्हतं." आणि लगेच हवापाण्याच्या गप्पा.

शेवटची मालकीण मॅविस ओल्डरॉइड जिवंत आहे! बार्न्सलीच्या वृद्धाश्रमात. उद्याच जाते.

११ मे

ब्याऐंशीची, पण जीभ अजून तिखट. "गिऱ्हाईक नव्हतं? मुद्दाम आले नाहीत, पोरी!"

१९८४चा कोळसा खाणकामगारांचा मोठा संप. पोरं उपाशी म्हणून एक जण संप मोडून कामावर परतला. त्याला हिने बिअर दिली. तेव्हापासून गावाने उंबरा ओलांडला नाही. संप मिटला तरी नाही. ही रोज ग्लास पुसत उभी. शेवटी कुलूप.

मी विचारलं — "शनिवारी याल? काउंटर जोडलंय."

"कोण कोण असणार?"

"सगळे."

तिने डोक्यावरून हात फिरवला. "आधी केस नीट करून घ्यायला हवेत."

१८ मे

आली! निळा कोट, ओठांना लाली. खोलीत माणसं मावेनात. काठी टेकत ती काउंटरमागे गेली. "काय घेणार?"

कोणी हलेना. शेवटी रॉय, टोपी हातात. "मॅविस, तेव्हा सगळ्यांना मीच अडवलं होतं. माफ करशील?"

"नाही."

मग तिने ग्लास उचलला.

"पण तहान लागली असेल तर बिअर देते."

टोपी सांभाळत त्याने ग्लास उचलला, अन् अर्धी काउंटरवरच सांडली. "आता पूस!" मॅविस म्हणाली. त्याने कोटाच्या बाहीने पुसली. मग जो हशा उसळला! गर्दी इतक्या उशिरा पांगली की मॅविसला वरच्या खोलीतच झोपवलं.

१९ मे

सकाळी गाडीची किल्ली घेऊन उभी राहिले, तर मॅविस म्हणते, "आश्रमाला फोन लाव, पोरी. म्हणावं, मी येत नाही."

लावला.