फडके रोडवरचे निजलेले दगड

२८ सप्टें., रवि.
परवानगी आली. सकाळी आंघोळीला निघालेले, तोच केतकीचा फोन. "बाई, फडके रोड मिळाला! दिवाळीची गर्दी व्हायच्या आत उचलायचं, एवढी एकच अट." ही पोरगी माझ्या रसायनशास्त्राच्या तासाला बाकावर डोकं ठेवून खुशाल झोपायची. आता आर्किटेक्ट आहे आणि डोंबिवलीच्या भर बाजारात शिल्पं मांडायचं खूळ तिच्याच डोक्यातलं. बाकीचे शिल्पकार तरणेताठे. आमची ताई सगळ्यांत थोरली.

ताईला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. पानं केरात, देठं ताटात. विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगेल. मला माहितीय, आनंद झालाय.

३० सप्टें., मंगळ.
दोघी रिक्षानं कोपरला, ताईच्या शेडमध्ये. केतकीला चार दगड हवेत. गोधडीची वळकटी, वासरू, गल्लीतलं कुत्रं, आणि कुशीवर झोपलेल्या बाईची पाठ. नुसती पाठ. बाकीची बाई दगडातच राहिलीय. सगळे काळे, गुडघ्याच्या खालीच येतील इतके बुटके, आणि सगळे झोपलेले.

पाठ ताईनं यंदा केली, जवळजवळ डोळे मिटून. काचबिंदूनं कडेकडेचं सगळं खाल्लंय, मधे बांगडीएवढं दिसतं. "त्या बांगडीतून डोकावत बसण्यापेक्षा हात बरे," म्हणते.

पत्र्याच्या फटीतून ऊन आलं होतं, त्यात धूळ हळूहळू वर चाललेली. वासराच्या पोटाकडे बघत बसले तर ते हललं. मी विज्ञानाची बाई. तरी हललं.

२ ऑक्टो., दसरा
ताईनं छिन्नी-हातोड्याची पूजा केली. झेंडू, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. मग आपट्याचं पान माझ्या हातात देत म्हणाली, "शैले, ही बहुतेक शेवटची पूजा."

मी म्हटलं, सणासुदीला अभद्र बोलू नकोस. तर ऐकवलं तिनं. "बघणाऱ्याला कळणं वेगळं. मी आता हातानं करते, तर लोकांच्या हाताला कळायला हवं. नाही कळलं तर मी नुसती चाचपडतेय असं समजायचं. मग छिन्नी ठेवते आणि जाते गौरीकडे."

"आणि कळलं तर?"
"तर बघू."

गौरी म्हणजे तिची लेक. घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहते. रोज फोन. आई, इथे डॉक्टर खालीच आहेत, आई, इथे धूळ नाही. पोरगी एक अक्षर चुकीचं बोलत नाही, त्याचाच वैताग येतो. भाऊजी गेल्यापासून ताई इथे माझ्याकडे. ती गेली तर मी या घरात ओरडणार कुणावर? नको जायला. नकोच. इथे तरी लिहून ठेवते.

७ ऑक्टो., मंगळ.
काल कोजागिरी. आटवलेल्या दुधाचा परिणाम असेल, पहाटे स्वप्न पडलं. चारही दगड कोपरहून चालत येतायत. घाई नाही, मधेच थांबतात, रस्त्याच्या कडेला कुशी बदलतात. पुढे वासरू. सिग्नलला सगळी वाहनं गप्प उभी, कुणी हॉर्न वाजवत नाही. मला वाटलं, चला, टेम्पोचं काम वाचलं.

ताईला सांगितलं. "कुठल्या कुशीवर वळले?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं डाव्या. तिनं मान डोलावली, जणू काही माहीतच होतं.

१२ ऑक्टो., रवि.
मांडले! पहाटेच हमाल आले, टेम्पोतून चेनपुलीनं उतरवले. गणपतीच्या देवळाच्या अलीकडे, फुटपाथच्या कडेनं ताईचे चार. पुढे एका मुलाचं लोखंडी झाड, मग एकीची तांब्याच्या तारांची भलीमोठी होडी. दुकानांची शटर्स खाली, फूलवाले नुकते पाणी मारतायत. ओल्या रस्त्यावर ते चार काळे जीव असे काही झोपले होते की मी आपोआप हळू बोलायला लागले. केतकीसुद्धा. हमालांनाही "हळू रे" म्हणाली, तेव्हा दगड जमिनीवर टेकूनसुद्धा झाले होते.

ताई एकेकाला हात लावत गेली. वासराच्या मानेवर जरा जास्त वेळ.

१४ ऑक्टो., मंगळ.
क्लासची मुलं सोडून संध्याकाळी जाऊन उभी राहिले. होडीपाशी सेल्फीची रांग. झाडापाशी रांग. ताईच्या दगडांपाशी लोक थांबतात, वाकून बघतात, हात मागे बांधतात आणि निघतात. एका बाईनं दिवाळीच्या खरेदीची पिशवी दगडातल्या पाठीवर टेकवली. मला इतका आनंद झाला! तेवढ्यात तिनं शेजारची पाटी वाचली. "अगंबाई, सॉरी हं, कला आहे होय ही," आणि ओढणीनं पुसूनसुद्धा गेली. डोंबिवलीकरांचं हे असं. सुशिक्षितपणा नडतो.

घरी ताईनं विचारलं, "लावला कुणी हात?" मी म्हटलं, एकीनं पुसला. हसली, पण नुसती तोंडानं.

१६ ऑक्टो., गुरु.
केतकीनं पाटी बदलली. मोठ्या अक्षरांत: "हात लावा". झालं! आता तर कुणी जवळही येईना. एक आजोबा बायकोला म्हणाले, "करंट-बिरंट असेल, लांब हो." कॉलेजची पोरं पाटीचाच फोटो काढून हसत पळाली. एकानं मला विचारलं, "काकू, कॅमेरा लपवलाय का कुठे?" मी म्हटलं, हो, तुझ्या घरी दाखवणार आहेत. तोही पळाला.

ताईला खरं सांगितलं. ती उठून बाल्कनीत गेली आणि तुळशीला पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं.

संध्याकाळी गौरीचा फोन. ताई म्हणाली, "भाऊबीजेनंतरच्या रविवारी ये न्यायला." माझ्यासमोर म्हणाली.

१८ ऑक्टो., शनि.
आज दगड उचलायचे होते. उचलले नाहीत. झाड गेलं, होडी गेली, ती हलकी, पोरांनी हातानं नेली. आपल्याला टेम्पो, चेनपुली आणि हमाल लागतात. टेम्पोवाला म्हणतो, "मॅडम, धनतेरस है आज, फर्निचरवाले छोड़ेंगे क्या मेरे को?" दुसरा गावाला. तिसरा फोन उचलत नाही. केतकी रडकुंडीला आली. महापालिकेच्या साहेबांनी तिला झापलं. सोमवारी दिवाळी पहाटेला इथे डोंबिवलीतली अख्खी तरुणाई नटूनथटून येणार, कुणी धडपडलं तर? बरोबर आहे त्यांचं. शेवटी ठरलं, दगडांभोवती रांगोळी काढायची म्हणजे दिसतील, आणि आम्ही पहारा द्यायचा.

ताई म्हणाली, "मीही येणार."
"त्या गर्दीत?"
"खुर्ची घेऊन."

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी. संध्याकाळ
सावकाश लिहिते.

पहाटे अभ्यंगस्नान. ताईनं डाव्या अंगठ्यानं कारीट फोडलं, दोघींनी एकेक करंजी खाल्ली आणि निघालो. केतकी आधीच पोचलेली. चौघांभोवती पांढरी रांगोळी घातली मी, चांगली वीतभर रुंद. ताई दगडातल्या पाठीशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत. माझी जुनी जांभळी पैठणी नेसलेली. छान दिसत होती, तिला म्हटलं नाही.

मग उजाडलं आणि रस्ता भरला. नऊवाऱ्या, नथी, कुर्ते, अत्तर, ढोल, सगळीकडे उटण्याचा वास. माणसांचं पाणीच. रांगोळी कधी पुसली कळलंसुद्धा नाही. मी ओरडतेय, "अहो सांभाळून, खाली दगड आहे!" ढोलात ऐकतो कोण!

पहिला लागला तो एका झब्बेवाल्या मुलाचा पाय. वासराला. तो थांबला, वाकला, वासराच्या पाठीला हात लावला आणि छातीला लावला. गेला पुढे. बघितलंही नाही कशाला पाय लागला ते. मग एका बाईचा, कुत्र्याला. वाकली, हात लावला, डोळ्यांना लावला. मग वळकटीला. मग परत वासराला. पाय लागला की वाकायचं, लहानपणापासूनचं अंगवळणी. पाटी वाचून ज्या लोकांचा हात पुढे आला नाही, ते सगळे एकामागून एक वाकतायत आणि दगडांना हात लावतायत! मी ओरडायची थांबले. सगळं हळू झाल्यासारखं वाटलं, ढोल लांब कुठेतरी, आणि मधे हे झुकणारे हात, बांगड्या, मेंदी.

ताईच्या कानात सांगितलं. म्हणाली, "तो सवयीचा नमस्कार गं. पुस्तकाला पाय लागला तरी करतात." बरोबरच होतं तिचं. माझा चेहरा पडला.

तेवढ्यात हिरव्या साडीतली एक मुलगी पाठीवर अडखळली. वाकली, हात लावला. आणि हात तिथेच राहिला. वर सरकला, खांद्याकडे, मग मणक्यावरून खाली. मैत्रीण ओढतेय, "ए चल ना, रील करायचंय!" ही म्हणते, "थांब गं. पाठ आहे ही. आत्ता पहाटे आईच्या पाठीला तेल लावलं ना मी, सेम. इथे अशीच खोलगट लागते." आणि ताईला म्हणाली, "आजी, या झोपल्यात ना?"

ताई म्हणाली, "हो गं बाई."

मुलगी गेली. नावही विचारलं नाही आम्ही. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, मी तर हुंदकाच दिला, पहारेकरीणबाईंनी भर रस्त्यात. केतकी घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावली.

कळलं हाताला. कळलं!

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
दिवसभर गुणगुणत होते. संध्याकाळी ताईला म्हटलं, "मग, गौरीला कळव, येऊ नको म्हणून."

ताई पणतीत तेल घालत होती. म्हणाली, "का? आता तर सुखानं जाईन. जे बघायचं होतं ते बघितलं. हात चुकत नव्हते माझे. पुरे झालं."

मी म्हटलं, "म्हणजे नाही कळलं तरी जाणार होतीस, आणि कळलं तरी जाणार? छापाही तुझा आणि काटाही तुझा?"

"शैले, मी सत्तरीला आलेय. दगड फोडत मरू का?"

पूजा नीट झाली नाही माझी.

२३ ऑक्टो., भाऊबीज
भाऊ नाही आम्हाला, म्हणून ताई लहानपणापासून चंद्राला आणि मग मला ओवाळते. आजही ओवाळलं. मी ओवाळणीत तिला मोजे दिले, लोकरीचे, तेविसाव्या मजल्यावर एसी असतो म्हणून. टोमणाच होता. तिनं लगेच घातले.

दुपारी टेम्पो मिळाला. दगड कोपरला परत. फडके रोड मोकळा. ते होते तिथे रांगोळीचं जरा पांढरं राहिलंय. एका फूलवालीनं विचारलं, "गेले का हो उठून?"

२५ ऑक्टो., शनि.
ताईची बॅग भरली. मीच भरली, तिला साड्यांचे रंग धड दिसत नाहीत. दुपारी डोळा लागला, स्वप्नात आमचं हेच घर, पण सगळ्या खोल्यांमधून उथळ पाणी आणि त्यात ताईच्या साड्या पसरलेल्या, मंद हलतायत. थंड नव्हतं पाणी. जागी झाले तर ताई शेजारी बसून माझ्या केसांवरून हात फिरवत होती. मी झोपेचं सोंग घेतलं.

२६ ऑक्टो., रवि. दुपार
शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. रात्री रिकाम्या घरात लिहायला नको म्हणून वही पर्समध्ये टाकून आणली.

गौरी गाडी घेऊन आली. ताई म्हणाली, जाता जाता शेडला कुलूप घालून जाऊ. गाडी गल्लीत शिरत नाही, गौरी नाक्यावर थांबली. आम्ही दोघी आत. चौघे परत आपापल्या जागी झोपलेले. ताईनं कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं. खाली आणखी एक दगड, अर्धा कच्चा. मला पत्ताच नव्हता.

"पावसाळ्यात धरलेला. डोळे मीट, हात लाव."

लावला. आधी खरखरीत, नुसता टाकीचा मार. मग गोधडीची कड. तिच्याखालून बाहेर आलेलं पाऊल, लहान मुलीचं. त्याला चिकटून दुसरं पाऊल, जरा मोठं. मोठीनं आपला गार अंगठा लहानीच्या तळव्याला टेकवलेला. दर थंडीत मी ओरडायचे, आई, ताई बघ ना! एका क्षणात कळलं. अख्ख्या अंगाला कळलं.

"काय लागलं?" ताईनं विचारलं.

मी डोळे मिटलेलेच ठेवले. म्हटलं, "काही नाही कळत गं. नुसता दगड."

"नीट चाचप."

"चाचपलं. नाही कळत."

मग ताईनं स्वतःचा हात ठेवला, माझ्या हाताशेजारी. इकडून तिकडे फिरवला. "असं कसं," स्वतःशीच पुटपुटली. मी आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्या, मला खोटं बोलता येत नाही, चेहरा लगेच लाल होतो. आज बांगडीतून तिला दिसला की नाही कोण जाणे. मी सरळ बाहेर येऊन पायरीवर बसले.

गौरीनं दोनदा हॉर्न दिला. ताई आतून ओरडली, "आले गं, पाचच मिनिटं!"

दगडापाशी बसलेल्या ताईची पाच मिनिटं मला माहितीयत. गौरीला माहितीयत की नाही, देव जाणे.