सुखदेवच्या नावाआधी

८ नोव्हेंबर १९८३, कारधा
लघुलेखनाच्या पुस्तिकेचं शेवटचं पान लिहायला घेतलं. ज्यांनी ज्यांनी नव्या खुणा सुचवल्या, त्यांची नावं. पुस्तिका फुकट वाटायची. त्यांना नावाशिवाय देणार तरी काय. सुखदेवचं नाव आलं. वरठीच्या कारखान्यातला कारकून, वयानं लहान, पण या कामातला माझा सोबती. त्याला जाऊन वर्ष होत आलं. आधी 'कै.' लावलं नि पुढं सरकलो.

११ नोव्हें.
आपल्याकडे दर वाक्यात 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो'. शहरी पुस्तकांत त्याला खूण नाही. सुखदेवनं काढली, मासे धरायच्या गळासारखी. एक आकडा, की झालं 'राहिलो'.
आज ग्रामपंचायतीच्या सभेचं टिपण मोठ्यानं वाचत बसलो. बोलले सरपंच, ऐकू आला सुखदेव. येऊन राहिलो, काका...
वही मिटली. बायको आतून, "कोण आलं जी?"
कोणी नाही म्हटलं.

१४ नोव्हें.
वरठीला त्याच्या घरी. सुलोचना, त्याची बायको, नवे तांदूळ पाखडत होती. मी नेलेलं पान तिनं वाचलं. नावावर बोट ठेवलं.
"काका, हे कै. काहून?"
"गेलेल्या माणसाले लिवतात ना, पोरी."
"कैलासात गेला त्याले लिवतात. हे कायले कैलासात जातीन? सासऱ्यानं छप्पन सालीच घरातले देव हलवले. आमच्यात कालकथित लिवतात."
कान तापले. इतकी वर्षं त्या घरात चहा प्यालो, समोर भिंतीवर बुद्ध.
तीच हसली. "ते असते तं म्हणले असते, काका मले दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून राहिले."

१७ नोव्हें.
छापखाना. खिळे जुळवणारा म्हणे, "कालकथित लांब आहे, ओळीत बसत नाही. नुसतं 'का.' करू?"
जन्म गेला शब्द आखूड करण्यात. हा नाही करवला. पुरता जुळव म्हटलं, ओळ मोडली तर मोडू दे.

२० नोव्हें.
सुलोचना स्वतःहून आली. उंबऱ्यातच थांबली.
"काका, कालकथित बी नको. नुसतं नाव लिवा."
"काहून?"
"पुस्तक लांब लांब जाईन ना? तिथल्या माणसाले काय माहीत ते गेले म्हणून. त्याच्यापुरते तरी असू द्या."
जित्या माणसांच्या रांगेत त्याला उभा करायचा, नि ते पान मी रोज उघडायचं, तो गेलेला ठाऊक असून...
छापखान्याचा माणूस संध्याकाळी विचारायला आला. परवा ये म्हटलं.