लाल ती इटालियन

३ मे, सकाळी
लेकीला नव्या नोकरीत पहिलंच मोठं काम मिळालंय. दोन दुर्मिळ सुपरकार्सचं प्रदर्शन. एक इटालियन, एक जर्मन. तुलना करून बोलणारा जाणकार ऐनवेळी गळला, तेव्हा तिने साहेबांना सांगितलं, आमचे बाबा आहेत ना! पोरीला माणसांची पारख आहे. आमची ही म्हणाली, तुम्हाला साधी स्कूटर येत नाही. दुर्लक्ष केलं.

५ मे
संकल्प : रोज दोन तास अभ्यास. पोट कमी करणे. टीव्हीवर ठेवलेल्या दोन्ही खेळण्यातल्या गाड्या पुसून समोर ठेवल्या. लाल ती इटालियन, चंदेरी ती जर्मन. झोपेतही ओळखीन.

६ मे
अभ्यास झाला नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना इटालियन इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवला. तो चष्मा न घेताच गेला. लोकांत रसिकता उरलेली नाही.

९ मे
अभ्यास उद्यापासून. भाषण मात्र पाठ. इटालियन गाडी काळजाने पळते, जर्मन डोक्याने. हिला ऐकवलं, तर म्हणाली, आणि तुम्ही कशाने? कोटाचं बटण लागत नाही. उघडाच बरा दिसतो.

११ मे, दुपारी, हॉलवर
लाल गाडीपुढे जर्मनीची पाटी, चंदेरीपुढे इटलीची! लेकीची चूक. नवखी आहे बिचारी. गाडीवरचं चिन्ह नीट दिसेना, चष्मा घरी राहिलाय. असो. पोरीला सांभाळून घेईन.

संध्याकाळी
सांभाळून घेतलं नाही. थेट माइकवरून सांगितलं, आयोजकांनी पाट्यांची अदलाबदल केली आहे. लोक हसले. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. तिने पाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि धावत जाऊन स्वतःच्या हाताने पाट्या बदलल्या. बाबा म्हणतात ना!

मी लाल गाडीच्या इटालियन काळजावर रंगात येऊन बोललो. समोर एक गृहस्थ सारखा हात वर करत होते. वाटलं, चाहते असतील. लाल गाडीचे मालक निघाले. म्हणाले, ही जर्मनच आहे हो, तुम्ही रंगावरून देश ओळखता का?

पाट्या पुन्हा लेकीनेच बदलल्या. साहेबांची माफीही तिनेच मागितली. म्हणाली, सर, गोंधळ माझाच झाला. मी माइक धरून उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ मे
साहेबांना खरं काय ते सांगायचं ठरवलं. चूक माझी, पोरीची नाही. वाक्य पाठ केलं. सकाळी ते कामात असतील. दुपारी जेवत असतील. शेवटी चारला फोन लावला. साहेबांनी विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, राँग नंबर.

१५ मे
लेक आली होती. स्वयंपाकघरात हिच्याशी हळू आवाजात बोलत होती. पुढच्या प्रदर्शनातून तिला काढलंय. म्हणाली, आई, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल.

मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. हसून विचारलं, काय म्हणतात गाड्या? मी म्हटलं, मजेत.

मला काही कळलेलं नाही, असं दाखवतोय. तेवढं जमतंय.